चाखणं म्हणजे खाणं नव्हे

थोरल्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं कापून बारा दिवस झाले होते, ते हॉस्पिटलातून घरी येऊन तीन, आणि या तीन दिवसांत घरात कोणी बोटांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. सगळं बोलणं चाललं होतं ते स्टुलाबद्दल.

स्टूल खाली, भट्टीच्या तोंडासमोर. बेकरी सुरू झाली त्या वर्षापासून त्यावर घरातलं एकच माणूस बसत आलंय, आणि जो बसेल त्याला 'जीभ' म्हणायचं. भट्टीतून निघालेला प्रत्येक ट्रे आधी जिभेसमोर येतो. जीभ दोन बोटांएवढा तुकडा मोडते, चावते, गिळते आणि मान हलवते. होकार आला तर ट्रे दुकानात, नकार आला तर परत. गिळायचं मात्र सक्तीचं. जे लोकांच्या पोटात घालतो ते आधी आपल्या पोटात जायला हवं, असं आजोबा, म्हणजे थोरल्यांचे वडील, सांगून गेले होते. आजोबा एकसष्टाव्या वर्षी गेले, एक पाय आधी पाठवून.

"सोमवारपासून मुंगी कायमची बसेल," थोरले म्हणाले.

ते जेवणाच्या लांब टेबलाच्या टोकाला, पाय समोरच्या खुर्चीतल्या उशीवर ठेवून बसले होते. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, पण दिसत होता पंच्याहत्तरीचा. टेबलाभोवती त्यांच्या मोठ्या बहीण, म्हणजे आत्याबाई, धाकटा भाऊ, आणि मुलगी. मुलगी सत्तावीस वर्षांची झाली तरी तिला सगळे मुंगीच म्हणत. रांगायच्या वयात ती साखरेच्या पोत्याशिवाय दुसरीकडे कुठे सापडत नसे. दुपारचे तीन वाजले होते. दुकान चारला उघडणार होतं.

"नाही बसणार," वहिनी म्हणाल्या.

वहिनी म्हणजे थोरल्यांची बायको. एकतीस वर्षांपूर्वी धाकट्याने त्यांना वहिनी म्हणायला सुरुवात केली आणि मग कारागिरांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्या जगाची ती वहिनी झाली. एकतीस वर्षांत या टेबलाशी त्यांनी 'नाही' हा शब्द उच्चारल्याचं कोणाला आठवत नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदा वाटलं की भाजी नको म्हणतायत.

"काय नाही?" थोरल्यांनी विचारलं.

"मुंगी. स्टुलावर. नाही बसणार."

"आई!" मुंगी म्हणाली.

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या उठल्या, खाली दुकानात गेल्या आणि गल्ल्याजवळचा वजनकाटा उचलून घेऊन आल्या. काटा टेबलावर ठेवला. शेजारी एक वही ठेवली. मग स्वयंपाकघरातून स्टीलचा मोठा डबा आणला आणि तो ठेवताना जरा आपटलाच.

"ही वही ओळखता ना?"

कोण ओळखत नव्हतं! डॉक्टरीणबाईंनी तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, पेशंटने दिवसभरात जे खाल्लं ते सगळं लिहून आणायचं. वहिनींनी लिहिलं होतं. सकाळी दोन चपात्या, भाजी, अर्धी वाटी डाळ, चहा बिनसाखरेचा. तीन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. दर तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाई वही बघत, रक्ताचा रिपोर्ट बघत, कपाळाला आठ्या घालत आणि गोळी वाढवत. इतकं मोजूनमापून खाणाऱ्या माणसाची साखर खाली का येत नाही, हे त्यांना उमगत नव्हतं.

"हॉस्पिटलात नऊ दिवस होतात तुम्ही," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. "जेवण हेच, घरच्यासारखं. गोळ्या निम्म्यावर आणल्या. पायाला जखम, म्हणजे साखर वाढायला हवी होती. ती उतरली. बाई मला विचारतात, घरी आणखी काय खातात हे? मी म्हटलं, काही नाही. शपथेवर सांगितलं हो मी! आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही झोपेत असा हात पुढे केलात." त्यांनी अंगठा आणि दोन बोटं एकत्र आणून हवेत चिमूट केली. "तुकडा मोडायला."

थोरल्यांनी आपला उजवा हात टेबलाखाली घेतला.

"वहीत तो तुकडा कुठेच नाही. तीन वर्षांत एकदाही मी लिहिला नाही. लिहायचं असतं हे डोक्यातच आलं नाही माझ्या, कारण या घरात पहिल्या दिवशी मला शिकवलं होतं, चाखणं म्हणजे खाणं नव्हे."

त्यांनी डब्याचं झाकण काढलं. आत पावाचे, केकचे, बिस्किटांचे तुकडे गच्च भरले होते.

"काल मुंगी बसली होती तुमच्या जागी. सकाळचे चौदा ट्रे. ती जेवढा तुकडा मोडत होती तेवढाच मी शेजारी उभी राहून मोडत होते आणि यात टाकत होते. क्रीमचे चमचे वेगळे, ते खाली वाटीत आहेत. करा वजन."

धाकट्याने डबा काट्यावर रिकामा केला आणि चष्मा वर करून आकडा वाचला.

"पाचशे तीस ग्रॅम."

"हे मी खाल्लं?" थोरले म्हणाले.

"नाही हो," वहिनी म्हणाल्या, "चाखलंत."

*

धाकट्याला मनातून उकळ्या फुटत होत्या आणि त्याची त्याला लाजही वाटत होती. भावाचा पाय समोर उशीवर पांढऱ्या पट्टीत पडलेला असताना आनंद होणं बरं नव्हे. पण तो काय करणार? बारा वर्षं तो घसा फोडून सांगत होता, स्टूल काढा. मैदा वजनावर घ्या, भट्टीला तापमापक लावा, प्रत्येक मालाची कृती लिहून भिंतीवर चिकटवा. तरुणपणी तो सिगारेट ओढताना सापडला होता आणि त्याच दिवशी वडिलांनी त्याला 'बिनजिभेचा' ठरवून काउंटरवर बसवलं होतं, ते आजतागायत. काउंटरवरच्या माणसाच्या सूचना भट्टीपर्यंत पोचत नाहीत.

"वहिनींचं बरोबर आहे," तो म्हणाला. "दादा, मुंगीला कशाला अडकवायचं? स्टूलच नको. मी लिहून देतो सगळ्या कृती. एकदा वजन ठरलं की कोणी चाखायला नको."

"तू गप्प बस," थोरले म्हणाले. "मैदा रोज वेगळा येतो. हवा रोज वेगळी असते. कागदाला कळतं का आज लोणी जुनं आहे ते?"

"कागदाच्या पायाची बोटं तरी जात नाहीत."

बोटांबद्दलचा पहिला शब्द तो होता. धाकट्याला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो.

थोरल्यांचा आवाज मात्र चढला नाही. त्यांनी त्या पट्टीकडे पाहिलं आणि दरवेळी जे सांगत तेच सांगितलं. "बोटं स्टुलाने नेली नाहीत. आपल्या रक्तातच साखर आहे. बाबांना होती, ताईला आहे, मला आहे. घराण्याचं देणं असतं एकेक."

आणि ते हे सांगताना, धाकट्याला आज पहिल्यांदाच जाणवलं, किंचित ताठ बसले होते. लोक घराण्याची उंची नाहीतर गोरा रंग सांगतात तसं.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "तुमची साखर किती?"

"माझी? मला नाही."

"वय?"

"पंचावन्न. काय वहिनी, माहीत नाही का तुम्हाला?"

"रक्त कोणाचं तुमच्यात?"

धाकट्याचं तोंड उघडं राहिलं. पंचावन्न वर्षं घरात सांगितलं जात होतं की तो आईवर गेलाय, सुटला. त्यानेही ते मान्य करून टाकलं होतं. दुपारी काउंटरवर बसून बायकोने दिलेला डबा खायचा, मालाला हात लावायचा नाही. बिनजिभेच्या माणसाला तो हक्कच नव्हता. ती शिक्षा होती. ही शिक्षा आपल्याला काय देऊन गेली हे त्याला आत्ता, भावाच्या पायाकडे बघताना समजलं, आणि उकळ्या पार थंड झाल्या.

"आणि माझ्यात कोणाचं?" वहिनी पुढे म्हणाल्या. "तुमच्या घराण्याच्या रक्ताचा एक थेंब नाही माझ्या अंगात. माझे आईवडील ऐंशी पार करून गेले, शेवटपर्यंत जिने चढत. मला साखर लागली आठ वर्षांपूर्वी. अकरा वर्षांपूर्वी हे दुपारी झोपायला लागले आणि दुपारचे आठ ट्रे मी बघायला लागले. जीभ म्हणालं नाही मला कोणी. साखर मात्र बरोबर घर शोधत आली. हे हॉस्पिटलात होते तेव्हा मीही तिथेच होते, ट्रे मुंगी बघत होती. परवा माझंही रक्त तपासून घेतलं. माझीही उतरलीय. माझ्यात तुमचं रक्त नाही, तुमचं ताट आहे."

"दोन-तीन माणसांवरून शास्त्र होत नाही, वहिनी," धाकटा म्हणाला. त्याला स्वतःलाच नवल वाटलं, आपण कोणाच्या बाजूने बोलतोय.

"शास्त्र डॉक्टरांनी करावं. बाई म्हणाल्या, रक्ताचाही भाग असतोच. रक्त दाराची कडी काढून ठेवतं, पण आत कोण येणार ते ताट ठरवतं. मला म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांचं वय त्रेसष्ट, पण त्यांच्या रक्तवाहिन्यांचं वय ऐंशी. मला शास्त्र करायचं नाहीये भावोजी. मला एकच मुलगी आहे."

*

"उचलली जीभ, लावली टाळ्याला!"

आत्याबाईंचा आवाज टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून आला. त्या इतका वेळ हातावर हात ठेवून बसल्या होत्या. दिसायचं बंद झाल्यापासून त्या बोलणाऱ्याकडे तोंड वळवत नसत. समोर भिंतीकडेच बघत बोलत, त्यामुळे त्यांचं रागावणं सगळ्यांना सारखंच लागू पडे.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांचे डोळे गेले. आधी एक, मग आठ महिन्यांत दुसरा. त्याआधी चाळीस वर्षं क्रीमची आणि जॅमची जीभ त्या होत्या. नवरा लवकर गेला, सासर सुटलं, त्या इथे परत आल्या, आणि या घरात परत आलेल्या मुलीला 'ही आमची क्रीमची जीभ' असं ओळख करून देत. बिचारी, विधवा, असं कोणी म्हणालं नाही. एका चमच्यावर त्यांनी मान राखला होता.

"वहिनी, तू काय म्हणतेयस कळतंय का तुला?" त्या म्हणाल्या. "रक्त म्हणजे कोणाचा दोष नसतो. आलं ते आलं. ताट म्हटलंस की ताट वाढणारीचं नाव येतं. मला चमचा कोणी दिला? आईने. केकच्या कडा कापल्या की त्या मला कोण भरवायचं? आई. शाळेतून आले की दारात उभी असायची, पदराखाली झाकून. माझे डोळे माझ्या आईने घालवले, असं म्हणायचंय का तुला?"

वहिनींनी टेबलावरची वही बाजूला सारली.

"वन्सं, सासूबाईंना माहीत नव्हतं."

"मग?"

"त्यांनी लाडच केले. त्यांच्याकडे दुसरं होतं काय द्यायला? पण मला आता माहीत आहे. माहीत असून मी माझ्या मुलीला तिथे बसवलं तर तो लाड नाही. तिला साठीत कोणी हाताला धरून संडासापर्यंत नेत असलं, तर तेव्हा माझं नाव घेतलं तरी चालेल, कारण ते खरं असेल."

आत्याबाईंना रोज पहाटे हाताला धरून नेत होत्या त्या वहिनीच. दहा वर्षं झाली. त्याचा उच्चारही आजवर झाला नव्हता. आत्याबाईंना गालावर चापट बसल्यासारखं झालं. त्यांना रडू येत नव्हतं. राग येत होता, आणि तो नेमका कोणावर काढायचा ते दिसत नव्हतं. वहिनीवर काढावा तर ती खोटं बोलत नव्हती.

"आई असती तर तिला हे सांगायची हिंमत झाली असती तुझी?" त्यांनी विचारलं.

"नसती झाली," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर एकतीस वर्षं मूग गिळून बसले. मूगच गिळत बसले असते तर बरं झालं असतं, पावाऐवजी."

*

मुंगीला कोणीच विचारलं नव्हतं. बाबांनी बसवलं, आईने उठवलं, काकांनी स्टूलच विकायला काढलं. ती टेबलाच्या कडेला नखाने रेघ ओढत बसली होती.

तिला स्टूल हवं होतं. या बारा दिवसांत पहाटे साडेपाचला भट्टीचं दार उघडून पहिली वाफ तोंडावर आली की तिला वाटे, आपण याचसाठी जन्माला आलोय. दूध गरम करताना भांड्याला लागलं की ती ओळखे. काल एका तुकड्यावरून तिने सांगितलं होतं की मळणारा कारागीर आज भांडून आलाय; गोळा घाईत मळला होता. आणि तिला हेही माहीत होतं की गेले बारा दिवस दुपारी दोनला तिचे डोळे मिटायला लागतात आणि सारखी तहान लागते.

"मी बसणार आहे," ती म्हणाली.

"बघ!" थोरले म्हणाले.

"मुंगे," वहिनी म्हणाल्या, "इतका वेळ मी काय भिंतीशी बोलत होते?"

"ऐकलं मी सगळं. बसणार आहे. पण गिळणार नाही. चावेन, चव बघेन, थुंकेन."

आता आईबाबा दोघं एकदमच तिच्याकडे वळले, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर किळस होती. धाकटासुद्धा म्हणाला, "अगं, गिऱ्हाइकाने बघितलं तर?"

"जे विकतो ते थुंकायचं?" थोरल्यांनी टेबलावर हात आपटला. "त्यापेक्षा दुकान बंद करू! आणि न गिळता कळणार काय तुला, कपाळ? जिभेला गोडी कळते, खोट कळते ती घशाला. माझ्या आजवरच्या एकाही नकाराला जीभ पुरली नसती."

"तुम्ही कधी थुंकून बघितलंत, बाबा?"

"काय?"

"एकदा तरी? मग कसं ठाऊक, पुरली नसती ते?"

या प्रश्नाला उत्तर येण्याआधी जिन्यावर पावलं वाजली. चारच्या दुकानासाठीचा पहिला ट्रे निघाला होता, आणि स्टूल रिकामं बघून मिस्त्री तो ट्रे घेऊन वर आले होते. भट्टीवर अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. घरातलं भांडण जिन्यावरच ऐकू आलं असणार, तरी चेहरा मैद्यासारखा कोरा ठेवून ते दारात उभे राहिले.

"आल्याचा केक. कोण बघतंय?"

मुंगी उठली. तिने तुकडा मोडला, तोंडात घातला, डोळे मिटून सावकाश चावला. मग सगळ्यांच्या देखत कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली, थुंकली आणि चूळ भरली.

"आलं जुनं आहे. मागून कडवट येतंय."

थोरल्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी छताकडे पाहिलं.

"कडवटपणा घशाला कळतो," थोरले म्हणाले. "हिला अंदाजाने सुचलं असेल. ताई, तू बघ. तुझ्याइतकी जीभ या घरात कोणाची नव्हती."

"अहो, त्यांना नको!" वहिनी म्हणाल्या. पण आत्याबाईंनी हात पुढे केला होता.

मुंगीने त्यांच्या तळहातावर लहानसा तुकडा ठेवला. आत्याबाईंनी तो तोंडात घातला. दहा वर्षं डबे त्यांच्यापासून लपवले जात होते, आणि आता चावताना त्यांचा चेहरा असा काही उजळला की वहिनींनी मान फिरवली. सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत होते. गळा हलला की थोरले जिंकले.

गळा हलला नाही. आत्याबाई तोंड मिटून तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी मुंगीचा हात चाचपडून धरला आणि बेसिनच्या दिशेने ओढला. मुंगी त्यांना घेऊन गेली. त्या वाकल्या, थुंकल्या, नळ चालू केला आणि तीनदा चूळ भरली.

"जुनं आहे," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "आलं जुनं आहे. पोर बरोबर बोलतेय."

"गिळलं नाहीस तू," थोरले म्हणाले.

"नाही." त्यांचा हात अजून बेसिनच्या कडेला होता. "चव तोंडातच होती रे. सगळी इथेच. खाली गेलं ते सगळं उगाच गेलं."

थोरल्यांनी उशीवरच्या पायाकडे पाहिलं, मग बहिणीच्या पाठीकडे. त्यांना कोणीतरी आपली समजूत घालावी असं वाटत होतं, पण ती घालण्यासारखं कोणाजवळ काही नव्हतं. शेवटी ते मालकाच्या आवाजात म्हणाले, "मिस्त्री, ट्रे परत न्या. ताजं आलं किसा. आणि स्टुलाजवळ नळ काढता येईल का?"

"उद्या प्लंबरला बोलावतो."

"मी खाली जातेय," मुंगी म्हणाली आणि मिस्त्रींच्या मागोमाग निघालीसुद्धा. जाताना तिने आईकडे एकदा पाहिलं. परवानगी मागितली नाही.

वहिनींनी न्हाणीघरातून निळी प्लास्टिकची बादली घेतली. भट्टीकडे जायला मागचा जिना होता, त्याने कोणाच्या नजरेस न पडता जाता आलं असतं. धाकट्याने दार उघडूनही धरलं. वहिनींनी ते पाहिलं आणि पुढच्या जिन्याने सरळ दुकानात उतरल्या.

चार वाजले होते. काउंटरपुढे आठ-दहा गिऱ्हाइकं जमली होती. रोज या वेळेला पाव न्यायला येणारे निवृत्त मास्तर सगळ्यांत पुढे होते.

"काय वहिनी, बादली कशाला?"

"थुंकायला," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी हातातल्या पुडक्याकडे बघितलं. मागची बाई हसू की नको अशी थांबली. वहिनी काउंटरची फळी उचलून भट्टीकडे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या मुलीला म्हातारी करायचीय मला, मास्तर. दोन्ही पायांवर चालणारी."